जातीला नाका नाही

अमेरिकेत पन्नास राज्यं आणि कायदे पन्नास तऱ्हेचे. मिशिगनमध्ये फाशी नाही, टेक्सास अजून सुई टोचून माणूस मारतं. १९५८ साली रिचर्ड लव्हिंग हा गोरा आणि मिल्ड्रेड ही काळी बाई वॉशिंग्टन शहरात जाऊन लग्न करून आले. वॉशिंग्टनमध्ये ते नवरा-बायको. नदीपल्याड व्हर्जिनियात गुन्हेगार. पुढच्याच महिन्यात पोलीस मध्यरात्री त्यांच्या झोपायच्या खोलीत घुसले. कोर्टानं सांगितलं, वर्षभर तुरुंगात जा, नाहीतर पंचवीस वर्षं व्हर्जिनियात दोघांनी मिळून पाऊल ठेवू नका. १९६७ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं हा कायदा मोडून काढला, तेव्हा असले कायदे सोळा राज्यांत चालू होते.

ही गोष्ट आपल्याकडचे शिकलेसवरलेले लोक फार चवीनं सांगतात. बघा, तिकडे कसा भेद! एका राज्यात माणूस, दुसऱ्या राज्यात जनावर! आपल्याकडे कसं, एक घटना, एक नागरिकत्व, एक सुप्रीम कोर्ट. आणि हे सांगताना ते बाबासाहेबांचा हवाला देतात. हवाला खोटा नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना बाबासाहेबांनी अमेरिकेचंच उदाहरण घेतलं होतं. तिथं माणूस देशाचा नागरिक वेगळा आणि राज्याचा नागरिक वेगळा, राज्य आपल्या माणसाला एक हक्क देतं आणि परक्याला देत नाही. इथं तसं होणार नाही, इथं एकच नागरिकत्व, कुठल्याही राज्यात राहा, हक्क तेच, असं त्यांनी सांगितलं होतं.

बाबासाहेबांनी सांगितलेलं ते देशानं पाळलं का? बामणाच्या पोराच्या बाबतीत पाळलं. तो पुण्याहून पाटण्याला गेला तरी त्याचं काही कमी होत नाही, तो जिथं जाईल तिथं बामणच. आपलं काय होतं? आपली जात आपल्याबरोबर येते आणि हक्क मात्र राज्याच्या हद्दीवर उतरून माघारी जातो. जातीला नाका नाही. दाखल्याला आहे. हे मला या पानांवर मांडायचं आहे.

हे कळायला दिल्लीला जायची गरज नाही, पेण आणि रोहा पुरेसं आहे. रोह्याला कोकण रेल्वे सुरू होते. पेणच्या फलाटावर उभं राहून बघा, ते रूळ महाराष्ट्रातून गोव्यात, गोव्यातून कर्नाटकात जातात. मडगाव, कारवार, पुढे मंगळूरच्या अलीकडे ठोकूर. तीन राज्यं, तिकीट एक. 'महार' हा शब्दही तिन्ही राज्यांच्या अनुसूचित जातींच्या यादीत छापलेला आहे. शब्द तोच, जात तीच, मेलेलं ढोर ओढायचं जुनं कामही तेच. पण रोह्याचा महार कारवारला जाऊन राहिला तर कर्नाटक सरकारच्या नोकरीत आणि कॉलेजात तो अनुसूचित जातीचा नाही. का? तर त्याचा बाप-आजा तिथला नव्हता म्हणून. केंद्राच्या नोकरीत त्याचा दाखला चालतो. म्हणजे रेल्वेच्या रुळावर तो दलित आहे, फलाटावरून उतरून राज्याच्या कचेरीत गेला की नाही.

गंमत पुढेच आहे. अनुसूचित जातींच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात तारीख धरतात १० ऑगस्ट १९५०. जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. त्या दिवशी तुमचं कुळ महाराष्ट्रात राहत होतं हे दाखवा. अरे, पण त्या दिवशी महाराष्ट्र होता कुठे? १ मे १९६० ला तो जन्मला. १९५० साली पेण, रोहा, बेळगाव, कारवार, अहमदाबाद ही सगळी एकाच मुंबई राज्यात होती. नागपूर मध्य प्रदेशात होतं आणि औरंगाबाद निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला दिल्लीनं नकाशावर रेघा मारल्या आणि कारवार, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. गोवा तर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, तिथली अनुसूचित जातींची यादी १९६८ ची. या रेघा मारताना महारवाड्याला कुणी विचारलं नव्हतं. रेघ मारणारे वेगळे, आणि त्या रेघेवर तोल सांभाळत पिढ्यान् पिढ्या उभे राहणारे आपण.

मी मॅट्रिक झालो आणि धरमतरच्या खाडीवर बार्जचा माल उतरवायच्या कामाला लागलो. खाडीवर सगळा हिंदुस्थान भेटतो. बिहारी, ओडिया, भय्ये, झारखंडी. माझ्या पाळीतला एक जण उत्तर प्रदेशातला चमार. वीस वर्षं झाली त्याला पेणला येऊन. मराठी माझ्याइतकी बोलतो, शिव्या माझ्याहून चांगल्या देतो. कामावर आला त्या पहिल्या दिवशी मुकादमानं त्याला काय विचारलं असेल? 'पूरा नाम क्या है?' म्हणजे आडनाव सांग. आडनावावरून कळलं नाही तर गाव सांग, गावावरून कळलं नाही तर टोला सांग. दोन दिवसांत त्याच्याच मुलखातल्या लोकांनी पाण्याचा डबा वेगळा केला. जात त्याच्याबरोबर विनातिकीट आली होती, ठाण्याला नाही अडली, पनवेलला नाही अडली.

त्याचा पोरगा पेणला जन्मला, पेणला शिकला. बारावी झाल्यावर बाप जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत गेला. कागद मागितला १९५० सालचा. महाराष्ट्रातला! उत्तर प्रदेशातला दाखला दाखवला तर म्हणाले, त्या आधारावर स्थलांतरिताचा दाखला मिळेल, केंद्राच्या कामाला चालेल, महाराष्ट्राच्या सवलतींना नाही. आता 'चमार' हा शब्द उत्तर प्रदेशच्या यादीत आहे आणि महाराष्ट्राच्याही यादीत आहे. पोरगा ज्या उत्तर प्रदेशात सवलत मागू शकतो तो त्यानं दोनदा बघितलाय, तोही लग्नाला जाताना. ज्या पेणमध्ये तो वाढला तिथं तो चमार आहे फक्त शिवी देण्यापुरता.

धोब्याचं तर विचारू नका. उत्तर प्रदेशात धोबी अनुसूचित जातीत. मध्य प्रदेशात भोपाळ, रायसेन आणि सिहोर या तीनच जिल्ह्यांत अनुसूचित जातीत, बाकीच्या मध्य प्रदेशात नाही. महाराष्ट्रात परीट-धोबी इतर मागासवर्गात. म्हणजे एकच माणूस कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन चालत निघाला तर वाटेत त्याची जात तीनदा बदलते. गाठोड्याचं वजन तेवढंच राहतं.

आता कोर्टं काय म्हणतात ते बघू. या सगळ्याची मुळं घटनेच्या ३४१ आणि ३४२ कलमांत आहेत. राष्ट्रपतीनं याद्या करायच्या त्या 'त्या राज्याच्या संबंधात', असे शब्द तिथं आहेत. १९९० साली मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रवेशाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. पोरगा आंध्रातला, तिथं त्याची जमात यादीत. बापाला त्याच जमातीच्या जोरावर सरकारी उपक्रमात नोकरी लागली म्हणून कुटुंब मुंबईला आलं, पोरगा तेव्हा नऊ वर्षांचा. मुंबईत शिकला आणि डॉक्टरकीची राखीव जागा मागितली तर नाकारली. कोर्टानं सांगितलं, बरोबर नाकारली, राज्य बदललं की तो हक्क बरोबर येत नाही. १९९४ साली महाराष्ट्रातल्याच दाखल्यांच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तेच पक्कं केलं. जातीचं नाव दोन राज्यांत एकच असलं तरी तिचं हलाखीपण दोन्हीकडे सारखंच असेल असं नाही, हा त्यांचा मुद्दा. २०१८ साली पुन्हा पाच न्यायमूर्ती बसले. दिल्लीच्या सरकारी नोकऱ्यांत देशभरातल्या अनुसूचित जातींना आरक्षण चालेल, म्हणाले, कारण दिल्ली केंद्रशासित. राज्यांत मात्र नाही. माझ्या पाळीतला गडी पेणच्या ऐवजी दिल्लीला उतरला असता तर पोराचं भलं झालं असतं. स्टेशन चुकलं बिचाऱ्याचं!

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. २०२२ साली सुप्रीम कोर्टानं राजस्थानातल्या जमिनीच्या खटल्यात सांगितलं की पंजाबातला दलित राजस्थानातल्या दलिताची जमीन विकत घेऊ शकत नाही, कारण राजस्थानात तो दलित नाही. त्या कायद्यामागचा हेतू मला मान्य आहे, दलिताची जमीन दलिताबाहेर जाऊ नये. पण पंजाबातल्या दलिताला राजस्थानात सवर्णाच्या रांगेत उभं करणारं हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

आणि हे कुंपण फक्त सवलतींना आहे असं समजू नका. जातीतून बाहेर पडायच्या दारालाही राज्याराज्यांचं कुलूप आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्म घेतला आणि लाखोंना दिला. त्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशात होतं. अठरा दिवसांनी ते मुंबई राज्यात आलं. बारा वर्षांनी, १९६८ साली, मध्य प्रदेशानं धर्मांतराचा कायदा केला की धर्मांतराची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला द्या, नाहीतर शिक्षा. १९७७ साली सुप्रीम कोर्टानं तो कायदा उचलून धरला. गुजरातनं २००३ साली कायदा केला आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या गृहखात्यानं परिपत्रक काढून बजावलं की हिंदूतून बौद्ध व्हायचं असेल तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आधी घ्या. दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी कुणाची परवानगी घेतली होती? त्या रांगेत जिल्हाधिकाऱ्याचं टेबल असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा.

बौद्ध झालो तर त्यातही दोन कायदे. महाराष्ट्र सरकारनं १९६० साली नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्रानं दिल्या १९९० साली. तीस वर्षं एकच माणूस मुंबईच्या मंत्रालयात दलित होता आणि दिल्लीच्या मंत्रालयात नव्हता. १९६४ साली सुप्रीम कोर्टानं नागपूरच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या आमदाराची निवड रद्द केली, कारण तो बौद्ध झाला होता. त्या तीस वर्षांत आपल्या किती पोरांनी केंद्राच्या अर्जावर दात ओठ खाऊन 'हिंदू महार' लिहिलं असेल!

आता आपल्यातलेच काही दोस्त म्हणतात, बाहेरच्यांची कड कशाला घेतोस? महाराष्ट्रात अनुसूचित जातींना तेरा टक्के, जमातींना सात टक्के. त्यात बाहेरचे आले तर आपल्या पोरांचं काय? रोह्याच्या डोंगरातल्या कातकऱ्याचं काय? हा प्रश्न खोटा नाही. सुप्रीम कोर्टाचीही भीती हीच आहे, आणि परराज्यातल्या साहेबाच्या सुखवस्तू पोरानं इथल्या कातकऱ्याच्या पोरीची जागा खाल्लेली मलाही चालणार नाही. पण याचं उत्तर बाहेरच्या दलिताला दलित न मानणं हे नाही. वीस वर्षं जो इथं घाम गाळतो त्याच्या पोराची जागा इथल्या दलिताच्या वाट्यातून का काढायची? वाटा वाढवा. तो पोरगा आज कुणाच्या रांगेत उभा आहे? खुल्या रांगेत, वकील-डॉक्टरांच्या पोरांबरोबर. त्याची जागा त्या रांगेतून वेगळी काढा. शिष्यवृत्ती, वसतिगृह, फी माफी यांना तर जागेची टक्केवारीही लागत नाही. एक खाट आणि दोन वेळचं जेवण यासाठी १९५० सालचा कागद कशाला?

आणि कातकऱ्याचंच नाव घेता तर पुरतं घ्या. पेण, रोहा, सुधागडच्या कातकरी वाड्या दिवाळीनंतर ओस पडतात. वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर माणसं जातात, काही थेट कर्नाटकापर्यंत. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतायचं नाही. केंद्रानं महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना सगळ्यांत जास्त पिचलेल्या मानलं त्यातली एक कातकरी. कर्नाटकाच्या यादीतही कातकरी आहे. तरी भट्टीवर जन्मलेलं पोर तिकडे राहून मोठं झालं तर तिकडे त्याला काही नाही, आणि इकडे वाडीत अनेकांकडे आजही जातीचा दाखला नाही. म्हणजे आपला माणूसही कुठेतरी बाहेरचाच असतो. आज आपण उत्तरेच्या दलिताला 'भय्या' म्हणून हाकललं तर उद्या कारवारला, सुरतेला, वापीला आपल्याला कोण काय म्हणेल?

अंधारात एक उजेडाची फट आहे. अट्रॉसिटीच्या कायद्यातून सुटण्यासाठी आरोपी म्हणायचे की फिर्यादीची जात या राज्याच्या यादीत नाही, मग आम्ही दिलेली शिवी गुन्हा कशी? २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठानं ही पळवाट बुजवली. माणूस कामासाठी दुसऱ्या राज्यात गेला तरी जात त्याच्या मागं जाते, म्हणून अट्रॉसिटीच्या कायद्याचं संरक्षणही देशात कुठेही मिळेल, असा त्या निकालाचा सारांश. जे आपण खाडीवर, नाक्यावर, झोपडपट्टीत रोज बोलतो ते कोर्टाच्या कागदावर आलं. पण या निकालाची सक्ती मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीपुरती. महाराष्ट्र, गोवा, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव. पलीकडच्या उच्च न्यायालयाला तो पटला तर पटला. पुन्हा आली की नाही हद्द?

आणि हाच निकाल घेऊन मला न्यायसंस्थेला विचारायचंय. मार खाताना जर मी देशभर दलित आहे, तर शिकताना एकाच राज्यात कसा? शिवी सरहद्द ओलांडते हे मान्य, तर शिष्यवृत्तीला काय पाय नाहीत?

घटनेत 'त्या राज्याच्या संबंधात' हे शब्द आहेत, मी नाकारत नाही. अस्पृश्यता मुलखामुलखात वेगळी होती म्हणून याद्या मुलखाप्रमाणे करायच्या होत्या. यादी करण्यासाठीचे ते शब्द आहेत, माणूस कोंडण्यासाठीचे नव्हेत, असं माझं मत आहे. आणि शब्द आड येत असतील तर संसद कशाला आहे? पूर्वी तर राज्याच्या आतही कुंपणं होती. काही जमाती ठरावीक जिल्ह्यांत-तालुक्यांतच जमाती, तालुका ओलांडला की नाही. संसदेनं १९७६ साली कायदा करून राज्याच्या आतली अशी बहुतेक कुंपणं काढून टाकली. आभाळ कोसळलं नाही. जे तालुक्याचं झालं ते राज्याचं का होऊ नये? १९९० च्या निकालातही न्यायमूर्तींनी हा प्रश्न विधिमंडळांनी आणि संसदेनं विचारात घ्यावा असं म्हटलं होतं. तेव्हापासून किती सरकारं आली, किती 'दलित मित्र' मंत्री झाले, जयंतीला किती हार पडले. त्या एका वाक्याचा विचार करायला कुणाला सवड झाली नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. एक, जातीचं नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असेल आणि पोर इथंच जन्मून इथंच शिकलं असेल तर त्याला इथला दाखला द्या, आणि त्यासाठीच्या जागा इथल्या दलितांच्या वाट्याबाहेर वाढवून द्या. दोन, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाला राज्याची अट नको. तीन, ज्याच्या आजाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती त्याच्याकडे १९५० चा कागद मागू नका, बापाचा शाळेचा दाखला पुरे. चार, मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल संसदेनं अट्रॉसिटीच्या कायद्यातच लिहावा, म्हणजे देशातला कुठलाही ठाणेदार 'ही जात आमच्याकडे नाही' म्हणून फिर्याद परत करणार नाही.

जात तर आता समुद्रही ओलांडून गेली. अमेरिकेतल्या सिॲटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेद करायला बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनं तसंच विधेयक सही न करता परत पाठवलं. म्हणजे तिथंही आता आपली जात एका राज्यात दिसते आणि खालच्या राज्यात दिसत नाही. ज्या काळ्या पँथरांकडून आपण १९७२ साली नाव घेतलं, त्यांच्या ओकलंडमध्ये, त्याच कॅलिफोर्नियात!

काळ्यांनी वाट बघितली नाही. राज्याराज्यात खटले लढले, रस्त्यावर आले, तुरुंगात गेले, तेव्हा व्हर्जिनियाची ती नदी नुसती नदी झाली. आपल्याकडची रेघ तर पाण्याचीही नाही, शाईची आहे. ती शाई पुसायची तर पेणच्या महाराला उत्तर प्रदेशच्या चमाराच्या पोराबरोबर कचेरीच्या खिडकीशी उभं राहावं लागेल. पुढच्या वेळी माझ्या पाळीतला गडी दाखल्यासाठी जाईल तेव्हा मी त्याच्याबरोबर असणार आहे. तुम्ही तुमच्या वस्तीतल्या 'बाहेरच्या' माणसाबरोबर जा.

जय भीम.